बिल्डरला दिलेला ॲडव्हान्स ही उधारीच असते : चंद्रपूर-गडचिरोलीत नवं घर बुक करण्याआधी हे वाचा



आपल्या चॅनेलवर आपण भांडवल, माल, उधारी, जीएसटी यावर बोलतो. मग आज घराचा विषय कशाला? कारण छोट्या उद्योजकाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी दुकानासाठी होत नाही, घरासाठी होते. आणि गंमत बघा, दुकानात ४० हजारांचा माल भरताना तीन ठिकाणी भाव काढणारा माणूस ३० लाखांच्या घराचं बुकिंग एका रविवारी साइटवर चहा पिऊन करून येतो. पुढे काम अडकलं की घरासोबत दुकानाचं भांडवलही अडकतं.

म्हणून आधी माझं मत सांगून टाकतो, मग कारणं. बांधकाम चालू असलेल्या घरासाठी बिल्डरला पैसे देणं म्हणजे त्याला उधारी देणं. आज तुमचा पैसा त्याच्याकडे गेला, माल म्हणजे घर दीड-दोन वर्षांनी मिळणार. मधल्या काळात तुमच्या हातात फक्त कागद. तेव्हा उधारी देणारा शहाणा दुकानदार जे विचारतो, तेच तुम्ही बिल्डरला विचारलं पाहिजे : किती द्यायची? कधीपर्यंत? जामीन कोण? आणि वहीत नोंद कुठे?

हे चार प्रश्न विचारले तर आपल्या भागात चांगलं घर मिळतं. नाही विचारले तर "काही नाही हो भाऊ, आपल्याच माणसाचं काम आहे" या एका वाक्यावर आयुष्याची बचत टांगलेली राहते.

रेराची छत्री, पण सगळ्यांच्या डोक्यावर नाही

बहुतेकांना वाटतं, आता रेरा आला, म्हणजे बिल्डर फसवू शकत नाही. रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण काम करतं. कायदा खरंच चांगला आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावी लागते. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेत दिला नाही तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराचं व्याज मागता येतं. बांधकामात दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरची. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणंही बंधनकारक आहे. मोबाइलवर स्कॅन करा, प्रकल्पाची कुंडली समोर.

पण थांबा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे साधारण ५,३८० चौरस फूट.

आता आपल्या गावात नजर फिरवा. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली, देसाईगंज. जी नवी घरं उभी राहताना दिसतात त्यातली बरीचशी कशी आहेत? तीन-साडेतीन हजार फुटांच्या प्लॉटवर चार-सहा फ्लॅटची बिल्डिंग, नाहीतर भिंतीला भिंत लावून दोन-चार ड्युप्लेक्स. म्हणजे पुण्या-मुंबईच्या टॉवरसाठी जी छत्री आहे, ती आपल्या गल्लीतल्या छोट्या स्कीमवर बहुतेक वेळा नसतेच. यात बिल्डर चोर आहे असं नाही. कायद्यानेच त्याला सूट दिली आहे. पण सूट त्याला मिळाली म्हणून जोखीम नाहीशी झाली नाही. ती तुमच्या खांद्यावर आली.

एक गोष्ट मात्र तपासा. ही मर्यादा सगळे टप्पे मिळून मोजायची असते. एकाच लेआउटमध्ये एकच बिल्डर "आत्ता सहा, पुढच्या वर्षी आणखी सहा" असं बांधत असेल, तर "आम्हाला रेरा लागत नाही" हे उत्तर मान्य करू नका. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते.

"बुकिंग रेट"चा हिशोब मांडून बघा

बिल्डरचं सगळ्यात गोड वाक्य : "आत्ता बुक केलं तर २८ लाख, तयार झाल्यावर ३१." तीन लाख वाचतात असं वाटतं. चला, आपण दुकानदारासारखं पेन घेऊन बसू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे तुम्ही टाका.

समजा बांधकाम १८ महिन्यांचं. तुमचे ६ लाख, बँकेचे २२ लाख, व्याज ९ टक्के. एक माणूस आज बुक करतो, दुसरा भाड्याच्या घरात थांबून दीड वर्षाने तयार घर घेतो.

वाचले काय? किमतीतले ३ लाख, आणि कमी किमतीमुळे मुद्रांक शुल्क-नोंदणीत साधारण २० हजार. एकूण ३,२०,०००.

गेले काय? बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते, म्हणून सरासरी निम्म्या कर्जावर दीड वर्षाचं व्याज धरू : सुमारे १,४८,५००. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का जीएसटी : २८,०००. आपल्याकडे ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत आणि ४५ लाखांपर्यंतचं घर या दरात बसतं. त्यावरच्या घराला ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या तयार घराला जीएसटीच नाही. आणि तुमचे ६ लाख बँकेत ६.५ टक्क्यांनी ठेवले असते तर मिळालं असतं ते व्याज : ५८,५००. बेरीज २,३५,०००.

म्हणजे तीन लाखांचा फायदा प्रत्यक्षात ८५ हजारांचा. भाडं महिना ७ हजार धरा. ताबा वर्षभर उशिरा मिळाला की ८४ हजार भाड्यात गेले. फायदा संपला! आणि दोन-अडीच वर्षं तुम्ही बिल्डरच्या धंद्याची जोखीम फुकटात वाहिली.

तुम्ही म्हणाल, दीड वर्षात भाव आणखी वाढले तर? बरोबर, वाढू शकतात. पण बिल्डरने "तयार झाल्यावर ३१" म्हणताना ती वाढ धरलेलीच असते. आणि तुम्ही उद्योजक आहात. तेच ६ लाख दीड वर्ष तुमच्या दुकानात, मशीनमध्ये, मालात फिरले असते तर किती झाले असते, हा आकडा बिल्डर सांगणार नाही. तो तुम्हालाच माहीत आहे.

माझा निष्कर्ष : आपल्या भागात धंदा नवीन असलेल्या माणसाने भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घ्यावं. थोडं महाग पडलं तरी चालेल. बांधकाम चालू असलेलं घ्यायचंच तर रेरा क्रमांक असलेलं घ्यावं. आणि छोट्या स्कीममधलं घ्यायचं तर नोंदणीकृत करारनाम्याशिवाय पुढे जाऊ नये. साध्या पावतीवर मोठा ॲडव्हान्स? अजिबात नाही.

जामीन कोण? आधी जमिनीला विचारा

उधारीत जामीन बघतात. घरात पहिला जामीन म्हणजे खालची जमीन. आणि आपल्या दोन जिल्ह्यांची जमीन पुण्या-नाशिकसारखी नाही. मोठ्या शहरातला यूट्यूबर जी यादी सांगतो, त्यात पुढचे प्रश्न नसतात.

१. खाली काय आहे? ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खड्डा साठ-सत्तर फूट खोल असल्याच्या बातम्या होत्या. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. आपला पट्टा कोळशाचा आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, भद्रावती या भागात घर घेताना विचारा : इथे जुनी भूमिगत खाण होती का? ही जमीन १९५७ च्या कोळसाक्षेत्र कायद्याखाली अधिसूचित आहे का? खुली खाण किंवा चुनखडीची खाण जवळ असेल तर स्फोटाच्या वेळी साइटवर जाऊन उभे राहा आणि शेजारच्या जुन्या घरांच्या भिंती बघा. भिंती खोटं बोलत नाहीत.

२. पाणी कुठपर्यंत येतं? इरई आणि झरपट फुगल्या की चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत काय होतं, ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. गडचिरोलीत वैनगंगा, कठाणी आहेत. भामरागडला पर्लकोटेचा पूर दरवर्षीचा पाहुणा. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द पाठ करा. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवं बांधकाम होऊ शकत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींसह होतं. प्लॉट कुठे येतो, हे नगर रचना विभागाच्या नकाशावर बघा. आणि साइट बघायला मार्चमध्ये जाऊ नका, ऑगस्टमध्ये जा. नाही जमलं तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावाल्याला विचारा, "दादा, पाणी कुठपर्यंत आलतं?"

३. सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" आहे का? ही पूर्व विदर्भाची खास भानगड. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत झुडपी जंगल लिहिलेली जमीन आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच मानायची असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी वेगळा मार्ग ठेवला आहे, पण त्यासाठीही वन कायद्याखालच्या मंजुरीची प्रक्रिया आहे. "इथे वीस वर्षांपासून घरं आहेत" हे त्याचं उत्तर होत नाही. नोंद असेल तर कागद नीट सुटल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

४. मूळ मालक कोण? गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या राजुरा, कोरपना, जिवती पट्ट्यात हा प्रश्न पहिला. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर करायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीसाठी शासनाची मान्यताही. ती नसेल तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. ही जमीन त्यांची आहे, कायदा त्यांच्या संरक्षणासाठी आहे. आपण पळवाट शोधायची नाही. तसंच भोगवटादार वर्ग-२ असेल, शहरात नझूल जमीन असेल, तर परवानगीची आणि नूतनीकरणाची कागदपत्रं बघा.

५. पाया कसा भरला आहे? काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरोरा-भद्रावतीकडे शेतात पडणाऱ्या भेगा आठवा. तीच माती घराखाली असेल आणि पाया वरवरचा असेल तर तिसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला तिरपी चीर. बिल्डरला विचारा : मातीची तपासणी केली का, पाया कुठल्या थरापर्यंत नेला, स्ट्रक्चरल इंजिनियर कोण? उत्तर तोंडी नको, ड्रॉइंगवर सहीसकट हवं.

शहराच्या हद्दीबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये आणखी एक गोष्ट होते. "ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे ना भाऊ!" नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकामाची परवानगीही नाही. मंजूर लेआउट नकाशा, अकृषक वापराचे कागद, सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेला बांधकाम नकाशा, हे तीन वेगळे कागद आहेत. तिन्ही मागा.

वहीत नोंद : करारनामा हाच तुमचा रेरा

रेरा लागू नसेल तर काहीच नाही, असं समजू नका. फ्लॅट असेल तर १९६३ चा मोफा कायदा आहे. त्यातही लेखी, नोंदणीकृत करारनाम्याआधी पैसे घेता येत नाहीत, आणि ॲडव्हान्स किमतीच्या २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. पण आयोगासमोर उभं राहायला हातात कागद लागतो. म्हणून करारनाम्यात या गोष्टी आल्याच पाहिजेत :

• पैसे कामाप्रमाणे. महारेराच्या नमुना करारनाम्यात टप्पे दिले आहेत : करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०, भिंती-प्लास्टर-फरशीनंतर ७५, असं करत शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घेताना. तुमची स्कीम छोटी असली तरी हेच टप्पे लिहून घ्या. कोणी अडवलेलं नाही. जोतं झालेलं नसताना ६०-७० टक्के मागणारा बिल्डर तुमच्या पैशाने दुसरीकडचं काम पूर्ण करतोय, असं समजा.

• ताब्याची तारीख. "अंदाजे दिवाळीपर्यंत" चालणार नाही. दिवस, महिना, वर्ष. आणि उशीर झाला तर दरमहा व्याज किती. रेरात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के असा दर आहे. तोच लिहा.

• कार्पेट क्षेत्रफळ. सुपर बिल्टअप, सेलेबल हे शब्द सोडून द्या. भिंतींच्या आत वापरता येणारी जागा किती, तेवढंच लिहा.

• जमीनमालकाची सही. आपल्याकडे बरेचदा जमीन एकाची, बांधणारा दुसरा. मधे विकसन करारनामा आणि मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्रावरच्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मालक आणि त्याचे हक्कदार करारनाम्यात सही करणारे पक्ष म्हणून घ्या. उद्या भावाभावांत वाटणीचा वाद निघाला तर तुम्ही मधे अडकायला नको.

• पाच वर्षांची दुरुस्ती. गळती, चिरा, प्लंबिंग. बिल्डर तोंडाने "आयुष्यभर" म्हणतो, कागदावर पाच वर्षं तरी लिहून घ्या.

यासोबत वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट. फी काही हजार रुपये जाते, ३० लाखांच्या मालाचा हा विमा समजा. सातबारा किंवा आखीव पत्रिका, फेरफार आणि इंडेक्स टू ऑनलाइन बघायला शिका. बिल्डरने त्या जमिनीवर कर्ज घेतलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हवं. आणि "बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे कागद ओके" यावर थांबू नका. बँक तिचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते, तुमचं घर वेळेत होईल का ते बघत नाही.

रेरा असलेल्या प्रकल्पातही डोळे उघडे ठेवा. नोंदणी म्हणजे सरकारी हमी नव्हे. संकेतस्थळावर मुदत संपली का, बिल्डरवर तक्रारी किती, तिमाही माहिती भरतो का, हे तपासा. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क ५ हजार रुपये. पण आदेश मिळाला म्हणजे पैसा खिशात आला असं नसतं. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि वेळ लागतो. लढाई जिंकण्यापेक्षा ती टाळणं स्वस्त पडतं.

"थोडं रोखीत द्या ना भाऊ"

हा मुद्दा उद्योजकांसाठी मुद्दाम. आपल्याकडे गल्ल्यात रोख असते, म्हणून बिल्डर आपल्यालाच आधी विचारतो : "२८ पैकी १८ची रजिस्ट्री, १० रोख." मोह होतो. मुद्रांक शुल्क वाचतं असं वाटतं.

आता बघा काय होतं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान वेगळं. बँक १८ लाखांवरच कर्ज देणार. व्यवहार फिसकटला तर १८ चा पुरावा, १० चा फक्त देव साक्षी. उद्या घर विकताना खरेदी किंमत १८ धरली जाणार आणि नफ्यावर कर जास्त बसणार. पैसे वाचवायचेच असतील तर कायदेशीर मार्ग आहे : राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. २८ लाखांवर २८ हजार वाचले, आणि घरच्या लक्ष्मीचं नाव दारावर लागलं. याहून चांगला सौदा कोणता?

आणि जीएसटी मागितला तर जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल मागा. क्रमांक नाही, तर जीएसटीही नाही.

दुकान आधी की घर आधी?

नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या घरावर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. पण मुद्रांक शुल्क, नोंदणी या खर्चाला साधारणपणे कर्ज धरत नाहीत. ते तुमच्याच खिशातून. शिवाय पगारदाराला सॅलरी स्लिप असते, आपल्याला दोन-तीन वर्षांचं आयकर विवरणपत्र दाखवावं लागतं. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवणाऱ्याला कर्जही कमी मिळतं. घर घ्यायचं असेल तर तयारी तीन वर्षं आधी, रिटर्न भरण्यापासून सुरू होते.

माझा साधा नियम : डाउन पेमेंट, शुल्क, किरकोळ खर्च सगळं देऊन झाल्यावर सहा महिन्यांचे हप्ते आणि तीन महिन्यांचा दुकानखर्च हातात उरला पाहिजे. उरत नसेल तर घर अजून एक वर्ष थांबू शकतं. मालाच्या खात्यातून, जीएसटी भरायच्या पैशातून किंवा व्यवसायाच्या सीसी लिमिटमधून डाउन पेमेंट काढू नका. घराचा हप्ता वीस वर्षं चालतो. तो भरणारं दुकान आधी उभं राहू द्या.

"पण बिल्डर ओळखीचा आहे हो!"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. छोट्या गावात ओळख ही खरीच किंमत असलेली गोष्ट आहे. दहा घरं बांधून दिलेला, बाजारात नाव असलेला स्थानिक बिल्डर कधीकधी मोठ्या कंपनीपेक्षा जास्त शब्दाला जागतो. त्याच्याकडून घर जरूर घ्या. पण घर उशिरा होण्यामागे दरवेळी लबाडी नसते. त्याचा भागीदार भांडतो, सिमेंट-लोखंड महागतं, दोन फ्लॅट विकले जात नाहीत, कधी माणूसच आजारी पडतो. मग त्याचे वारस तुम्हाला ओळखत नाहीत, ते कागद ओळखतात. करारनामा अविश्वासापोटी करायचा नसतो. चांगल्या माणसावर वाईट वेळ आली तर दोघांनाही वाचवणारी ती गोष्ट आहे. आणि खरंच चांगला बिल्डर असेल तर नोंदणीकृत करारनाम्याला नाही म्हणणार नाही. "इतके प्रश्न विचारता, मग दुसरीकडे घ्या" असं जो म्हणेल, त्याचे आभार माना. त्याने तुमचे ३० लाख वाचवले.

तुमच्यापैकी अनेकजण स्वतः या धंद्यात आहेत किंवा येऊ पाहताय : ठेकेदारी, फॅब्रिकेशन, पीओपी, हार्डवेअर, प्लॉटची दलाली. तुमच्यासाठी यात मोठी संधी आहे. चार फ्लॅटची स्कीम असली तरी टप्प्याप्रमाणे पैसे घ्या, मातीचा रिपोर्ट समोर ठेवा, तारीख लिहून द्या, पाच वर्षांची दुरुस्ती लेखी द्या. कायद्याने सक्ती नसताना हे जो करेल, त्याला जाहिरातीवर खर्च करावा लागणार नाही. गाव लहान आहे, बातमी पसरते.

या आठवड्याचं काम

घराचा विचार चालू असेल तर एक कोरा कागद घ्या. चार रकाने : किती, कधीपर्यंत, जामीन, नोंद. बघितलेल्या प्रत्येक घराची उत्तरं लिहा. ज्याचा एकही रकाना रिकामा आहे, त्या घराला टोकन देऊ नका. कागद वकिलाला दाखवा, मग घरी सगळ्यांना दाखवा.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचे तुमचे प्रश्न खाली लिहा. बिल्डरचं किंवा कोणाचं नाव न टाकता, फक्त कागदांबद्दल विचारा. जास्त विचारलेल्या प्रश्नांवर पुढचा व्हिडिओ करू. तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि सही करण्याआधी वाचा!